नाव आधी बुडवायची असते

बत्तीस वर्षं मी लाकडात काम केलं, पण लाकडाची वस्तू एकही केली नाही. मी पॅटर्नमेकर. नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत एका लहानशा शॉपमध्ये होतो. पंपाचं केसिंग, गिअरबॉक्सची बॉडी, व्हॉल्व्ह, असं काही ओतायचं असलं की आधी तोच आकार लाकडात करावा लागतो. तो वाळूत दाबतात, अलगद काढून घेतात आणि राहिलेल्या पोकळीत धातू ओततात. वस्तू होते ती लोखंडाची. आमचं सागवान मांडणीवर धूळ खात पडतं आणि पाच-सहा वर्षांनी डिझाइन बदललं की शॉपच्या मागे शेकोटीला जातं. माझ्या हातच्या कितीतरी पॅटर्नवर मीच हिवाळ्यात हात शेकलेत. वाईट वाटायचं नाही, कामच तसं.

होडीचं प्रकरण सुरू झालं ते आमच्या एका हेल्परमुळे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये तो सातपूरहून चालत गावी गेला तो परत आलाच नाही. गाव इगतपुरी तालुक्यात, ऊर्ध्व वैतरणा धरणाच्या फुगवट्याला लागून. चार घरांची वस्ती एका टेकाडावर आहे. उन्हाळ्यात ते टेकाड असतं आणि पावसाळ्यात बेट. जुलैत पाणी चढलं की रस्त्याकडची सखल पट्टी बुडते, आणि मुंबईला पाणी जाऊन जाऊन ती पुन्हा उघडी पडायला जानेवारी उजाडतो.

मी रिटायर झालो त्या वर्षी दिवाळीनंतर त्यानं नवा तांदूळ न्यायला बोलावलं. पलीकडच्या काठावर उभा राहिलो, तर तो मला घ्यायला आला थर्माकोलवर. थर्माकोलचे ठोकळे खताच्या गोण्यांत शिवलेले, वर दोन फळ्या, हातात बांबू. धरणांवर मासे धरणारे बरेच जण असेच तराफे वापरतात, हे मला माहीत होतं. पण त्याच्या दोन मुली दप्तरं पोटाशी धरून त्याच तराफ्यावरून शाळेत जातात, हे डोळ्यांनी पाहिल्यावर मी बूट हातात घेऊन बसल्या जागी बोलून गेलो, ‘मी होडी करून देतो तुला.’

तो म्हणाला, ‘मिस्त्री, तुम्ही काय बी करू शकता.’ झालं. आता मागे फिरायची सोय नव्हती.

घरी येऊन मी आधी ड्रॉइंग केलं. प्लायच्या पत्र्यावर, एकास एक मापात, दर फुटाला छेद. चौदा फूट लांबी, साडेचार फूट रुंदी. पंधरा दिवस त्यात गेले. बायको रोज चहा आणून ठेवायची आणि प्लायकडे बघून काही न बोलता आत जायची. मुलगी विरारला दिली आहे. तिच्या शेजाऱ्यांचे वडील अर्नाळ्याचे, जन्मभर होड्या बांधलेले. तिच्यामार्फत त्यांना ड्रॉइंगचे फोटो पाठवले. दोन दिवसांनी त्यांचा आवाजातला निरोप आला. ‘चित्र छान आहे भाऊ. होडी कुठे आहे?’

म्हणून जानेवारीत अर्नाळ्याला गेलो. विरारहून बसनं किनाऱ्यापर्यंत आणि तिथून होडीनं बेटावर. लहानसं बेट, त्यावर किल्ला, किल्ल्याभोवती कोळ्यांची वस्ती, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या. किल्ला मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतला वगैरे मला वाचून माहीत होतं. हे मात्र ध्यानात आलं नव्हतं की बेटाच्या उत्तरेला जी खाडी उघडते ती वैतरणा. त्र्यंबकच्या डोंगरात निघणारी, आमच्या हेल्परच्या टेकाडाला वेढा घालणारी तीच. मध्ये ऊर्ध्व वैतरणा, मग मध्य वैतरणा, मग मोडकसागर अशी तीन धरणं, आणि शेवटी हे बेट. मी दादांना, म्हणजे त्या होड्या बांधणाऱ्यांना, म्हटलं, ‘आमच्याकडचं पाणी तुमच्याकडे येतं.’ ते म्हणाले, ‘पाणी मुंबई पिते. आमच्याकडे गाळ येतो.’

दादा चौऱ्याहत्तर वर्षांचे. हातांची बोटं बाभळीच्या मुळांसारखी. मोठी मासेमारीची होडी त्यांनी बांधली त्याला बरीच वर्षं झाली होती. आता सगळीकडे फायबर. मी विचारलं, फायबरची बोट करतात कशी? तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी खाली वाळूतच बसलो. फायबरसाठी साचा लागतो आणि साच्यासाठी आधी एक लाकडी होडी लागते, अगदी घासूनपुसून गुळगुळीत केलेली. तिच्यावरून साचा काढायचा आणि त्या साच्यातून पाहिजे तितक्या बोटी. त्यांच्याकडून एका कारखानदारानं अशी एक करून घेतली होती.

‘ती लाकडी कुठे आहे मग?’

‘मोडली. साचा निघाला, मग तिचं काय करायचं?’

म्हणजे दादाही शेवटी पॅटर्नमेकरच झाले होते. मी त्यांना माझं काम समजावून सांगितलं, शेकोटीसुद्धा. ते बराच वेळ हसत राहिले आणि मग म्हणाले, ‘येतो मी. पण जेवण माशाचं पाहिजे.’

लाकूड गोळा करण्यात फेब्रुवारी आणि मार्च गेले, आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यात मजा त्यातच आली. जुन्या नाशकात वाडे पडतायत. पाडलेल्या वाड्यांचं सागवान वखारीत येतं: तुळया, खांब, कडीपाटाच्या फळ्या, दाराच्या चौकटी. मी गेलो त्या वखारीतल्या माणसानं एका तुळईवर थाप मारून सांगितलं, ‘काका, हे १९६९ च्या पुराचं पाणी प्यायलेलं लाकूड आहे. याला पाण्याची ओळख करून द्यायला नको.’ खरं-खोटं गोदावरीला ठाऊक. नाशकात जुनी वस्तू विकणारा त्या पुराला मध्ये आणतोच. पण तुळई बावनकशी होती. टोकाला रंधा मारून पाहिला तर आतून मधासारखा रंग आणि तेलकट वास. दहा फूट लांब, पाच इंच बाय चार. तिचा पठाण करायचा ठरलं. पठाण म्हणजे होडीचा कणा, सगळ्यात खालचं लांब लाकूड.

तुळई घेतली खरी, पण सॉ मिलवाला चिरायला तयार होईना. वाड्याच्या लाकडात खिळे दडलेले असतात. एक जरी पात्याला लागला तरी पातं गेलं, कधीकधी माणूसही. मी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोऱ्याला बांधून दोन दिवस तुळईवरून फिरवलं. जिथे ते ओढ खाई तिथे खडूची खूण आणि मग किंकऱ्यानं उकरून खिळा बाहेर. त्रेचाळीस निघाले. चौकोनी, हातानं घडवलेले, एकासारखा दुसरा नाही. बरणीत भरून ठेवलेत.

बाभळीची गोष्ट उलटी. होडीच्या आतल्या फासळ्यांना दादा ‘वांक’ म्हणायचे. त्या सरळ लाकडातून गोल कापल्या तर रेषा तुटतात आणि नेमक्या तिथेच मोडतात. म्हणून झाडावरच वाकलेलं लाकूड शोधायचं, म्हणजे रेषा वाकाबरोबर वळलेल्या असतात. दादांनी पुठ्ठ्याचे सहा आकार कापून दिले होते. ते पिशवीत घालून मी निफाडकडच्या बांधांवरून हिंडलो. जन्मभर वाकडा नग आला की परत पाठवणारा माणूस मी, आणि आता झाडाखाली उभा राहून फांदीला पुठ्ठा लावून बघतोय, पुरेशी वाकडी आहे का! एका द्राक्षवाल्या शेतकऱ्यानं बांधावरची बाभूळ तोडून ठेवली होती. तो म्हणाला, ‘वाकडी लाकडं निवडून घेणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय.’ सरपणाच्या भावात दिली. होडीचं पुढचं टोक, म्हणजे नाळ, तीही त्याच बाभळीच्या बुंध्यातून निघाली. ही सगळी बाभूळ महिनाभर टेकाडाखालच्या चिखलात पुरून ठेवली, दादांचा हुकूम. त्यानं कीड लागत नाही.

परवानगीसाठी एका कार्यालयात चार खेपा झाल्या. त्यावर काही लिहिण्यासारखं नाही. चौथ्या खेपेला साहेबांनी विचारलं, ‘होडी कुठल्या कंपनीची?’

पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी दादा आले. विरारहून दादरमार्गे कसारा लोकल, कसाऱ्याहून जीपनं घाट चढून घोटी, तिथून मी स्कूटरवर. पिशवीत दोन सदरे, एक चादर आणि वाकस. वाकस म्हणजे आडव्या पात्याचं, कुदळीसारखं धरायचं सुतारी हत्यार. आमच्या धंद्यात ते कधीच मागे पडलं. मी स्वतः शिकाऊ असताना दोन-चारदा चालवलं असेल. दादांचा वाकस त्यांच्या वडिलांचा, दांडा तीनदा बदललेला.

टेकाडावर आंब्याखाली जागा केली. पठाण ओंडक्यांवर ठेवला. म्हातारीनं, म्हणजे हेल्परच्या आईनं, हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. दादांनी नाळ उभी केली, मागचा खांब उभा केला, दोघांच्या डोक्यांना दोरी बांधली आणि त्या दोरीला मधोमध ओळंबा. बस्स. माझं प्लायवरचं ड्रॉइंग झाडाला टेकून उभं होतं. दुपारी म्हातारीनं त्याच्यावर कुरडया वाळत घातल्या. मी काही बोललो नाही.

आता जे मला शिकायला मिळालं ते सांगतो. फळ्या एकीला एक चिकटून बसल्या पाहिजेत, पाणी आत येऊ नये म्हणून. दादांची पद्धत अशी: खालच्या फळीच्या कडेला ओला गेरू फासायचा, वरची फळी तिच्यावर ठेवून दोन ठोके मारायचे, उचलायची. वरच्या फळीला जिथे जिथे लाल लागला तिथे लाकूड उंच आहे. तेवढंच तासायचं. पुन्हा गेरू, पुन्हा ठोके. लाल रंग टोकापासून टोकापर्यंत सारखा उमटला की फळी बसली. मी हे बघून ओरडलोच. आमच्याकडे मशिन शॉपमध्ये दोन सपाट भाग जुळवताना हेच करतात, फक्त गेरूऐवजी निळं. मी आयुष्यभर निळं लावलं आणि ते लाल. दादा म्हणाले, ‘मग तुम्हाला शिकवायचं काय राहिलं?’

बरंच राहिलं होतं. पॅटर्नला आम्ही मीटर-टेपनं मोजत नाही, आमची पट्टीच वेगळी असते. ओतलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना मीटरमागे साधारण दहा मिलिमीटर आकसतं, अ‍ॅल्युमिनियम तेरा, स्टील वीसच्या आसपास. म्हणून पट्टीवरचा प्रत्येक सेंटिमीटर तेवढा मोठा छापलेला असतो. धातू आकसणार हे धरून चालायचं, लाकूड स्थिर असतं हेही धरून चालायचं. टेकाडावर हे दुसरं गृहीत पहिल्या आठवड्यातच मोडलं. सकाळी बसवलेल्या सांध्यात दुपारी नख जायचं आणि रात्री पुन्हा बंद. एप्रिलचं ऊन आणि धरणावरचं वारं. मी कॅलिपर घेऊन नोंदी ठेवायला लागलो. दादांनी वही बघितली आणि म्हणाले, ‘त्याला श्वास घेऊ द्या.’

दादा वीत आणि तसू अशा जुन्या मापांत मोजायचे, आणि तेही क्वचित. एक डोळा मिटून नाळेपासून मागे बघायचे आणि म्हणायचे, ‘डाव्या अंगाला पोट सुटलंय.’ मी टेप लावायचो, तर खरंच तीन-चार मिलिमीटर. हे कसं दिसतं, विचारलं तर म्हणाले, ‘तुम्हाला बायकोचा चेहरा सुजलेला दिसतो की नाही? टेप लावता का?’

फळ्या वाकवायच्या वेळी मात्र मी हट्टाला पेटलो. वाड्याचं सागवान इतकं सुरेख होतं की बाजूच्या फळ्याही त्याच्याच करायच्या असं मी ठरवलं होतं. दादा नको म्हणत होते. मी ऐकलं नाही. फळी रात्रभर भिजवली, ओल्या गोणपाटात गुंडाळली, खाली गोवऱ्यांचा मंद जाळ, टोकाला दगड टांगला. तासाभरात ती हळूहळू झुकू लागली, मी खूश. आणि मग काडकन आवाज. मधोमध, तिरपी. शंभरेक वर्षं वाळलेलं लाकूड ते. दादा विडी विझवत म्हणाले, ‘म्हाताऱ्याला कवायत कशाला करायला लावता?’

चार हजारांची फळी होती. बायकोला अजून आकडा माहीत नाही. हे वाचेल तेव्हा कळेल.

मग पठाण, तळाच्या सपाट फळ्या आणि बसायच्या आडव्या पाट्या वाड्याच्या, बाजूच्या वळणाच्या फळ्या नव्या सागाच्या, असं ठरलं. नवं लाकूड जाळावर ताकातल्या भाकरीसारखं नरम झालं. ते वाकवायचं आणि गरम असतानाच बसवायचं. चौघं जण धरायला लागतात. हेल्पर, त्याचा भाऊ, मी आणि शेजारच्या घरातला एक कॉलेजचा पोरगा. त्या पोरानं हे सगळं मोबाइलवर टिपलंय. त्यात मुख्यतः माझं ओरडणं ऐकू येतं.

खिळे जस्ताचा मुलामा दिलेले घेतले. पूर्वी तांब्याचे वापरत, आता परवडत नाहीत. खिळ्याच्या डोक्याखाली तेलात भिजवलेला कापूस गुंडाळायचा, आरपार ठोकायचा आणि आत आलेलं टोक वांकावर वळवून मारायचं. म्हातारी आणि सूनबाई कापूस वळून द्यायच्या, जशा देवाच्या वाती. अकरा दिवस राहून दादा गेले. बाजूच्या वरच्या तीन-तीन फळ्या मी आणि हेल्परनं मे महिन्यात बसवल्या, दर फळीला चार-पाच वेळा गेरू फासून. दादांचं दोनदा फासून भागायचं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दादा पुन्हा आले, फटी भरायला. कापसाची दोरी राळ आणि तेलाच्या गरम मिश्रणात बुडवायची आणि बोथट पटाशीनं सांध्यात ठोकायची. हे काम मला आवडलं, कारण ते नीट मोजून करता येतं. मी मोगरीनं ठोकत ठोकत एक सांधा असा भरला की सुई शिरणार नाही. दादांनी बघितला आणि सगळी दोरी उपसून काढायला लावली. त्यांचा राग मी तेव्हाच एकदा पाहिला. ‘एवढं गच्च भरलंत, मग लाकूड फुगल्यावर जाईल कुठे? फळ्या वांकावरून उचलून देईल ते.’ बत्तीस वर्षं मी आकसण्याला जागा धरली होती. फुगण्याला जागा ठेवायची हे माझ्या हाताला माहीतच नव्हतं.

बाहेरून तेल लावायचं. किनाऱ्यावर माशाचं लावतात. त्यांनी बाटलीत आणलेलं उघडलं तेव्हा शेजारचा कुत्रा सोडून बाकी सगळे लांब गेले. शेवटी जवसाचं लावलं, तीन हात. वल्ही दादांनी स्वतः तासली, वाकसानं, बसल्या बसल्या, एकही खूण न करता. दोन्ही तराजूत घातली तर सारखी भरली असती असं मला वाटतं. मी घातली नाहीत, मुद्दाम.

जाताना वाकस मागे ठेवून गेले. म्हणाले, ‘पावसाळ्यात मला लागत नाही.’ आणि जीपमध्ये चढता चढता: ‘पाणी आलं की आधी बुडवा तिला. तीन दिवस.’ मला वाटलं थट्टा करतायत.

इगतपुरीचा पाऊस सुरू झाला तरी धरण एकदम चढत नाही. आधी ओढे लाल होतात, मग खालची खाचरं भरतात. आम्ही होडी पाण्यापर्यंत ओढत नेली नव्हती. आंब्याखालून सखल पट्टीच्या काठावर आणून खुंटाला बांधून ठेवली होती, पाणी चढत तिच्याकडे येईल म्हणून. जुलैत एका रात्री हेल्परचा फोन आला, ‘मिस्त्री, पाणी पठाणाला लागलं.’ पहाटेच्या पहिल्या गाडीनं निघालो.

पोचलो तोवर वस्तीतले आणि पलीकडच्या पाड्यावरचे मिळून पंचवीस-तीस लोक जमले होते. आणि होडी भरत होती. एका जागेतून नाही, सगळीकडून. ज्या सांध्यात मे महिन्यात कागद जात नव्हता, त्यातून पाणी पातळ पदरासारखं आत येत होतं. अर्ध्या तासात गुडघाभर झालं. मी तेलाचा डबा घेऊन उपसायला लागलो, हेल्पर घमेलं घेऊन. जेवढं काढावं त्याहून जास्त येत होतं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. म्हातारी काठावर बसून नुसती बघत होती. मोठी मुलगी म्हणाली, ‘आजोबा, थर्माकोल आणू का?’

दादांना फोन लावला. रेंजसाठी टेकाडाच्या माथ्यावर जावं लागतं, छत्री उलटी होत होती.

‘बुडतेय,’ मी म्हटलं.

‘मग बुडू दे ना. काय सांगून आलो होतो? उपसताय कशाला?’

त्यांनी नीट सांगितलं तेव्हा कळलं. महिनाभर उन्हा-वाऱ्यात उभी राहिलेली होडी वाळून उघडते. ती पाण्यात पूर्ण बुडवून ठेवायची. लाकूड दोन्ही अंगांनी पाणी पितं, फुगतं आणि फळ्या एकमेकींना दाबून धरतात. मधला कापूस तेव्हा कामाला येतो, त्याआधी नाही. पण लाकूडच ते, आपण होऊन तळाला जात नाही, काठापर्यंत भरून लोळत राहतं. म्हणून आत दगड ठेवायचे. आणि ठेवण्याआधी मूठ-दोन मूठ बारीक भुसा बाहेरच्या अंगाला पाण्यात सोडायचा, तो ओढला जाऊन बारीक फटीत बसतो. भुसा भरपूर होता, माझ्याच रंध्याचा.

तर स्वतःच्या हातानं, सगळ्या गावादेखत, मी त्या होडीत दगड ठेवले. चार महिने आणि अठ्ठावन्न हजार रुपये पाण्याखाली गेले. वर फक्त नाळेचं टोक दिसत होतं, हळद-कुंकू लावलेलं. पाड्यावरचा एक म्हातारा जाता जाता म्हणाला, ‘बुडवायचीच होती तर एवढी रंगवली कशाला?’

ते तीन दिवस मी तिथेच राहिलो. आवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस होते, सगळी घरं खाचरात. मला चिखलात रोपं लावता येत नाहीत, सकाळी तासभर लावली तर बायकांनी ती मागून येऊन नीट केली. मग मी ओट्यावर बसून त्या टोकाकडे बघायचो. पाणी चढत होतं, टोक बुडेल म्हणून दोर दोनदा वर बांधला. रात्री बायकोचा फोन. ती म्हणाली, ‘पॅटर्नला निदान ऑर्डर तरी असायची.’

चौथ्या दिवशी सकाळी दगड काढले, होडी काठाशी ओढली आणि उपसली. तळ दिसला. गढूळ, भुसा चिकटलेला, पण तळ. मी गुडघ्यावर बसून सांधे चाचपले. ज्या फटीत मी तीन दिवसांपूर्वी करंगळीचं नख घातलं होतं तिथे आता फळ्यांमधली रेषसुद्धा बोटाला लागत नव्हती. तळाच्या फळ्या, वाड्याच्या, तर इतक्या घट्ट भिडल्या होत्या की एका जागी कापूस बाहेर ढकलला गेला होता. वखारवाल्याचं बोलणं खरं असो वा नसो, त्या लाकडाला पाणी ओळखीचं निघालं.

दहा मिनिटं थांबलो. मागच्या कोपऱ्यात, खांबापाशी, हळूहळू ओल जमली, मग वाटीभर पाणी. मी हिरमुसलो. पुन्हा माथ्यावर गेलो, फोन.

‘किती येतंय?’ दादांनी विचारलं.

‘तासाला एक डबा असेल.’

‘मग झालं की. एक डबा उपसायला माणसाला काहीतरी काम पाहिजे होडीत.’

पहिल्या खेपेला मुली, दप्तरं, म्हातारी आणि एक शेळी. शेळीला कोणी बोलावलं नव्हतं. मी लाइफ जॅकेट आणली होती, सगळ्यांना घालायला लावली. म्हातारीनं लुगड्यावरून घातलं आणि पलीकडच्या काठापर्यंत एका हातानं फळी, दुसऱ्या हातानं जॅकेट धरून बसली. हेल्परला वल्ही मारता येत नव्हती, बांबूची सवय. होडी दोनदा गोल फिरली. दुपारी आवणीच्या बायका आणि रोपांच्या मुठी, तीन खेपा.

उपसायचं काम धाकट्या मुलीनं आपणहून घेतलं. तेलाचा पत्र्याचा डबा अर्धा कापून तिला दिलाय. आठवड्याला तिचा फोन येतो, शाळेतून, बाईंच्या मोबाइलवरून. आधी सात डबे, मग पाच. एकदा बारा सांगितले, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, तर रात्रभर पाऊस पडला होता. गेल्या खेपेला दोन.

जानेवारीत पाणी उतरलं की होडी वर ओढायची, आंब्याखाली उलटी घालायची आणि ऊन लागायच्या आत तेलाचे दोन हात द्यायचे. हेल्परला मी सांगितलंय की मी आल्याशिवाय ओढू नकोस. जवसाचं तेल पाच लिटर सांगून ठेवलंय, आणि त्याआधी एकदा अर्नाळ्याला जाऊन वाकस परत द्यायचाय.